बाहुल्या सारख्या दिसल्या म्हणून नस ठीक नसते: बॅटरीच्या तपासणीत या चुका टाळा

निवासी डॉक्टर म्हणून माझा दुसरा किंवा तिसरा महिना असेल. ओपीडीत तिशीतल्या एक शिक्षिका आल्या. डाव्या डोळ्यापुढे चार दिवसांपासून धूर पसरल्यासारखं वाटत होतं, आणि डोळा इकडेतिकडे फिरवला की आत ठणकत होतं. त्या डोळ्याची दृष्टी ६/२४ होती. मी बॅटरी मारली. उजवी बाहुली आकसली, डावीही आकसली. केसपेपरवर ‘पर्ला’ लिहून मोकळा झालो. पर्ला म्हणजे बाहुल्या सारख्या, गोल, उजेडाला आणि जवळच्या वस्तूला प्रतिसाद देणाऱ्या. कुठे कुठे ‘एनएसआरएल’ लिहितात, अर्थ साधारण तोच. मग थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, डोळ्याचा पडदा पाहिला, नसेची चकती म्हणजे पडद्यावर दिसणारं नसेचं टोक पाहिलं. सगळं स्वच्छ होतं. तेवढ्या आत्मविश्वासावर केस मॅडमना दाखवायला नेली.

“आरएपीडी बघितलास?”

“पर्ला आहे, मॅडम.”

“ते नाही विचारलं.”

आरएपीडी म्हणजे उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेला की बाहुल्यांच्या प्रतिसादात दिसणारा फरक. तो आता बघायचा तरी कसा? बाहुल्या थेंबांनी ताटलीएवढ्या झाल्या होत्या, उजेडाला दाद देईनात. बाईंना दुसऱ्या दिवशी परत यायला सांगावं लागलं, शाळा बुडवून, एसटीने. दुसऱ्या दिवशी मॅडमनी अंधाऱ्या खोलीत उजेड उजव्या डोळ्यावरून डाव्यावर नेला, आणि आदल्या दिवशी ‘आकसणारी’ ती डावी बाहुली उजेड पडत असतानाच माझ्यासमोर हळूहळू उघडत गेली. डोळ्याच्या नसेला मागच्या बाजूने सूज होती. या दुखण्याबद्दल डॉक्टरांत एक जुनी कोटी आहे: रुग्णालाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही. डॉक्टरला दिसतं, पण बॅटरी नीट फिरवली तरच.

ती तपासणी फुकटात होते आणि मिनिटभरात होते, तरी तीच सर्वांत जास्त चुकते. नेत्रसहायक, ऑप्टोमेट्रिस्ट, इंटर्न, प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी आणि आम्ही नेत्रतज्ज्ञही, सगळेच चुकतो. मी पाहिलेल्या आणि केलेल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच होतं. ही तपासणी तुलनेची आहे, आणि आपण मात्र एकेक डोळा सुटा बघतो.

‘दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत’ यावर थांबणे

ही चूक सर्वांत मोठी आहे, म्हणून आधी तिच्याकडे.

एका टाकीत दोन नळांचं पाणी पडतंय आणि टाकीतून दोन सारख्या तोट्या काढल्यात, असं समजा. एक नळ गाळाने अर्धा बुजला, तर टाकीतलं पाणी कमी होईल, पण दोन्ही तोट्यांची धार सारखीच राहील. तोट्यांकडे बघून कुठला नळ बुजला ते कळणार नाही.

बाहुल्यांचं असंच आहे. उजेड पडद्यावर पडतो, तिथून दृष्टिचेता म्हणजे डोळ्याच्या नसेतले दहा-बारा लाख तंतू निरोप मागे नेतात. वाटेत दोन्ही बाजूंचे तंतू एकमेकांत मिसळतात. बाहुलीच्या कामाचे तंतू मध्यमेंदूतल्या प्रीटेक्टल केंद्रात जातात, आणि तिथून निरोप दोन्हीकडच्या एडिंगर-वेस्टफाल केंद्रांना सारखाच मिळतो. मग तिसऱ्या मज्जातंतूमार्गे दोन्ही बाहुल्यांना एकच हुकूम सुटतो. म्हणून एका डोळ्यात उजेड टाकला तरी दोन्ही बाहुल्या बरोबरीने आकसतात. डावी नस पूर्ण निकामी झाली तरी नुसतं समोरून बघताना दोन्ही बाहुल्या एकाच मापाच्या दिसतील, कारण उजव्या नळाचं पाणी दोघींना पुरतं.

बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर बिघाड टाकीच्या पुढे, तोटीत असतो. तिसरा मज्जातंतू, बाहुली आवळणारा स्नायू, बाहुली मोठी करणारे सिम्पॅथेटिक तंतू, नाहीतर कुणीतरी घातलेले थेंब. यात एक गोष्ट घाईची आहे. पापणी पडली, बाहुली मोठी झाली आणि जोडीला डोकं दुखतंय, अशा वेळी मेंदूतल्या धमनीचा फुगा असू शकतो, आणि अशा रुग्णाला तासभरही बसवून ठेवायचं नसतं. पण ती नसेची गोष्ट नाही. नुसत्या नसेच्या आजाराने बाहुल्या असमान होत नाहीत. अंध डोळ्याची बाहुलीही मोठी दिसली, तर तिथे दोन बिघाड आहेत असं धरा: नस गेली आहे, आणि शिवाय मार, काचबिंदूचा झटका किंवा तिसऱ्या मज्जातंतूची इजा असं काहीतरी आहे.

मग नसेचा आजार सापडतो कसा? आळीपाळीने उजेड दाखवून. उजेड चांगल्या डोळ्यावर आहे तोवर दोन्ही बाहुल्या छान आकसलेल्या असतात. तोच उजेड पटकन आजारी डोळ्यावर नेला की मेंदूला वाटतं दिवा मंद झाला, आणि दोन्ही बाहुल्या सैल होतात. आपली नजर उजेडातल्या बाहुलीवर असते म्हणून ती ‘उजेडात मोठी होताना’ दिसते. याला रिलेटिव्ह अ‍ॅफरंट प्युपिलरी डिफेक्ट, म्हणजेच आरएपीडी म्हणतात. त्यातला ‘रिलेटिव्ह’ हा शब्द आपण तोंडाने म्हणतो आणि विसरून जातो.

जुनी मंडळी याला ‘मार्कस गन बाहुली’ म्हणतात. रॉबर्ट मार्कस गन (१८५०–१९०९) हे लंडनमध्ये काम करणारे स्कॉटिश नेत्रतज्ज्ञ. त्यांनी टिपलं ते इतकंच, की एकाच डोळ्यावर उजेड धरून ठेवला तर आजारी नसेच्या डोळ्याची बाहुली हळूहळू सुटते. बॅटरी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर झुलवायची पद्धत पॉल लेव्हाटिन यांनी १९५९ साली मांडली. फरक बारीक वाटेल, पण गन यांच्या पद्धतीत एकच डोळा बघितला जातो, आणि एकटी निरोगी बाहुलीसुद्धा उजेडात थोडी आकसत-सुटत राहते. (परीक्षेला बसणाऱ्यांनो, जबडा हलवला की पापणी वर उडते ती ‘मार्कस गन’ घटना निराळी. त्याच माणसाने १८८३ साली वर्णन केली, म्हणून दरवर्षी कुणीतरी तोंडी परीक्षेत दोन्हींची खिचडी करतं.)

थेंब आधी, तपासणी नंतर

माझी स्वतःची चूक हीच. शिबिरात तर ही रीतच होऊन बसली आहे. बाकावर रांगेत बसलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांत सिस्टर सकाळीच थेंब घालून जातात, म्हणजे डॉक्टर आले की भराभर पडदे बघून होतात. वेळ वाचतो हे खरं. पण त्या रांगेतल्या प्रत्येकाचा आरएपीडी त्या दिवसापुरता पुसला गेला. बाहुली मोठी करणाऱ्या ट्रोपिकामाइडचा असर उतरायला चार ते सहा तास लागतात, तोवर शिबिराची गाडी परत निघालेली असते.

थेंब घालणाऱ्यालाच बॅटरीची तपासणी शिकवा आणि केसपेपरवर ‘थेंबांआधी पाहिले’ असा रकाना ठेवा. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला तर डोळ्यात थेंब घालूच नका. त्याच्या बाहुल्यांवर न्यूरोसर्जन मेंदूच्या दाबाचा हिशेब ठेवत असतात.

मोतीबिंदूवर बिल फाडणे

आजोबांना डाव्या डोळ्याने फक्त हात हलताना दिसतो. मोतीबिंदू पिकून पांढरा झालाय, मागचं काही दिसत नाही. शस्त्रक्रिया छान होते, भिंग बसतं, पट्टी निघते, आणि आजोबा म्हणतात, “पहिल्यापेक्षा उजेड जास्त, पण चेहरा नाही दिसत.” घरचे डॉक्टरवर नाराज होतात. पुढे कळतं की मोतीबिंदूमागे काचबिंदूने नस आधीच खाल्लेली होती.

मोतीबिंदू कितीही पिकला तरी त्या डोळ्यात आरएपीडी येत नाही. भिंग गढूळ असलं तरी उजेड विखरून का होईना पडद्यापर्यंत पोचतो, आणि बाहुलीला चित्र नको असतं, उजेडाचं माप हवं असतं. इतकंच नव्हे, एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर कधीकधी समोरच्या, चांगल्या डोळ्यात किंचित आरएपीडी दिसतो. म्हणून मोतीबिंदूच्याच डोळ्यात आरएपीडी सापडला, तर मागे काहीतरी मोठं आहे असं समजा: नस, नाहीतर पडद्याचा मोठा भाग सुटलेला. बी-स्कॅन म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी करा आणि शस्त्रक्रियेआधी घरच्यांना स्पष्ट सांगा. ते एक वाक्य नंतरचे कितीतरी वाद वाचवतं.

चष्म्याचा नंबर, बुबुळावरचा फूल, काचद्रवातलं साधं रक्त यांनीही आरएपीडी येत नाही. आळशी डोळ्यात येतो, पण अगदी हलका. ठळक दिसला आणि कारण म्हणून ‘लहानपणापासूनच आळशी’ एवढंच लिहिलंत, तर तुम्ही थांबायला नको तिथे थांबलात. पडद्याचं म्हणाल, तर मुख्य धमनी बंद पडणं, पडदा मोठ्या प्रमाणात सुटणं, मुख्य नीलेतल्या गाठीचा इस्केमिक म्हणजे रक्तपुरवठा तुटलेला प्रकार, यांत आरएपीडी ठळक असतो. उलट मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मधल्या ठिपक्याच्या आजारात वाचायला येत नाही इतकी दृष्टी घसरते, पण आरएपीडी नसतो किंवा जेमतेम असतो. कारण बाहुलीला सगळा पडदा मोजायचा असतो, मधला ठिपका नव्हे.

काट्यात पासंग

वाण्याच्या तराजूत पासंग असेल तर वजनं खरी असूनही माप खोटं निघतं. बॅटरीच्या तपासणीतही आपण नकळत पासंग घालतो. इथे जरा सावकाश जाऊ, कारण ‘आरएपीडी नाही’ असं लिहिलेल्या कित्येक केसपेपरांमागे यातलं काहीतरी असतं.

पहिला पासंग वेळेचा. ज्या डोळ्यावर आपल्याला शंका असते, त्यावर हात आपोआप जास्त वेळ रेंगाळतो. सहा सेकंद आजारी डोळ्यावर आणि दोन सेकंद चांगल्यावर असं चाललं, की आजारी डोळ्याचा पडदा जास्त दिपतो आणि निरोगी माणसातही खोटा आरएपीडी उभा राहतो. दोन्हीकडे सारखेच साधारण तीन सेकंद मोजा. मनात ‘एक-दोन-तीन’ म्हणा, लाजायचं काय त्यात? मधला प्रवास मात्र झटक्यात करा. नाकावरून जाताना उजेड रेंगाळला तर दोन्ही बाहुल्या वाटेतच सुटतात, आणि मग कोण कशामुळे सुटलं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

दुसरा पासंग जवळून बघण्याचा. रुग्ण बॅटरीकडे किंवा तुमच्या नाकाकडे बघत असेल, तर जवळचं बघण्यासाठी बाहुल्या आधीच आकसतात आणि उजेडाचा फरक त्यात बुडतो. म्हणून रुग्णाला दूर भिंतीवरच्या खुणेकडे बघायला लावा आणि बॅटरी खालच्या बाजूने मारा. लहान मुलं तर उजेडाकडे बघणारच. आईला खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोबाइलवर कार्टून लावून उभं करा.

तिसरा दिव्याचा. आजकाल सगळे मोबाइलची लाइट मारतात. तिचा झोत पसरट असतो, नाकाजवळून एका वेळी दोन्ही डोळ्यांत जातो, आणि दोन्ही पारड्यांत एकदम वजन पडतं. पेनटॉर्चचा सेल उतरला असेल तर उजेड इतका मिणमिणता की निरोगी बाहुलीही जेमतेम हलते. झोत अरुंद आणि ठणठणीत हवा. पण डोळे मिटून घ्यायला लावेल असा भगभगीतही नको.

खोलीत अंधार हवा. सकाळी ११ वाजता खिडक्या सताड उघड्या, वर ट्यूबलाइट, अशा ओपीडीत बाहुल्या आधीच आवळलेल्या असतात, मग सुटणार काय आणि आवळणार काय? म्हातारपणी आणि मधुमेहात बाहुल्या मुळातच लहान होतात, पायलोकार्पिनच्या थेंबांनी तर टाचणीएवढ्या. अशांना अंधारात मिनिट-दोन मिनिटं बसू द्या. इथे आपल्या लोकांची आणखी एक अडचण असते. गडद तपकिरी, जवळपास काळ्या डोळ्यांत अंधारात बाहुलीची कड दिसतच नाही. त्यावर साधी युक्ती: हनुवटीच्या खालून, तिरका, अगदी मंद असा दुसरा उजेड ठेवा. बाहुलीला जाग येणार नाही, पण कड दिसेल.

एका डोळ्यावर पट्टी होती का, तेही विचारा. पट्टीखालचा डोळा अंधाराला सरावून तरतरीत झालेला असतो, त्यामुळे उघड्या, निरोगी डोळ्यात खोटा आरएपीडी दिसतो. पट्टी काढून दहा-पंधरा मिनिटं दोन्ही डोळे उजेडात राहू द्या. तिरळ्या डोळ्याच्या बाबतीत बॅटरीचा कोन डोळ्याच्या रोखाने बदला, नाहीतर एकीकडे उजेड पडद्याच्या मधोमध पडतो आणि दुसरीकडे कडेला.

आणि एका फेरीवर निकाल देऊ नका. बाहुल्या तशाही सतत थोड्या थरथरत असतात, आणि घाबरलेल्या तरुण रुग्णाच्या तर जास्तच. सात-आठ फेऱ्यांत जे तेच तेच दिसेल, ते खरं.

एक बाहुली मेलेली आहे म्हणून तपासणी सोडून देणे

“याची उजवी बाहुली ऑपरेशनमध्ये चिकटली आहे, हलतच नाही, आरएपीडी बघता येणार नाही.” हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. टाकी आठवा. दोन नळांची तुलना करायला एक तोटी चालू असली तरी पुरते. बॅटरी दोन्ही डोळ्यांवर आळीपाळीने फिरवा, पण नजर फक्त हलणाऱ्या बाहुलीवर ठेवा. उजेड चिकटलेल्या बाहुलीच्या डोळ्यावर गेल्यावर समोरची हलती बाहुली सैल पडली, तर आरएपीडी त्या चिकटलेल्या बाहुलीच्या डोळ्यात आहे. एकाच डोळ्यात चुकून थेंब गेले असतील तरी याच पद्धतीने काम भागतं. माझ्या त्या शिक्षिकेच्या वेळी मी दोन्हींत घातले होते, म्हणून तीही वाट बंद झाली.

दुचाकीवरून पडलेला मुलगा

हेल्मेट नव्हतं, भुवईच्या बाहेरच्या कोपऱ्यावर आपटला. भुवईला टाके पडले, पापणी सुजून डोळा मिटलेला. सगळ्यांचं लक्ष रक्ताकडे आणि सीटी स्कॅनकडे. भुवईवरचा धक्का हाडातून थेट नसेच्या बोगद्यापर्यंत पोचतो, आणि वरून डोळा धडधाकट दिसत असताना आतली नस चेचली जाते. त्या दिवशी पडदा निर्मळ असतो, नसेची चकती गुलाबी असते. ती फिकी पडायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दिवशी बोलतो तो फक्त आरएपीडी, आणि बेशुद्ध रुग्णाला ‘दिसतंय का’ विचारताही येत नाही. म्हणून सूज कितीही असली तरी पापण्या हळूच विलग करून बॅटरी फिरवा. जखमी डोळ्यावर दाब मात्र देऊ नका. डोळा फुटला असण्याची शंका असेल तर उघडायची जबरदस्ती न करता नेत्रतज्ज्ञाला बोलवा.

‘आरएपीडी नाही, म्हणजे नस बरी’

इथे तराजू पुन्हा आठवा. दोन्ही पारडी सारखीच रिकामी असली तरी काटा मधोमधच राहतो.

क्षयाच्या उपचारातलं इथॅम्ब्युटॉल काही रुग्णांत नसेला इजा करतं. आपल्याकडे औषधांना दाद देणाऱ्या क्षयाच्या रोजच्या डोसात ते सहाही महिने असतं, आणि मूत्रपिंड कमकुवत असेल तर धोका वाढतो. ही इजा बहुधा दोन्ही डोळ्यांत बरोबरीने होते, त्यामुळे आरएपीडी नसतोच. रुग्ण म्हणतो, वाचता येत नाही, लाल-हिरवा कळेना. बॅटरी म्हणते, सगळं ठीक. अशा वेळी बॅटरीचं ऐकू नका. प्रत्येक डोळ्याची दृष्टी आणि इशिहाराच्या पुस्तकावर रंग तपासा, आणि क्षयाचे उपचार करणाऱ्या डॉक्टरला त्याच दिवशी फोन करा. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. त्या दारूतलं मिथेनॉलही दोन्ही नसांवर एकदम घाला घालतं. तिथे बाहुल्या दोन्हीकडे मोठ्या आणि मंद असतात, आणि तो मंदपणाच काय ती खूण. म्हणून तुलनेच्या आधी प्रत्येक बाहुली उजेडाला किती चपळ आहे, तेही लिहायचं असतं.

काचबिंदूतही दोन्ही नसा सारख्या झिजल्या तर काटा हलत नाही. एका डोळ्यात जास्त झीज असेल तेव्हाच आरएपीडी दिसतो. आणि आज डाव्या डोळ्यात दिसणारा आरएपीडी पुढच्या भेटीत नाहीसा झाला, तर लगेच पेढे वाटू नका. डावा सुधारला असेल, किंवा उजवा बिघडला असेल. दोन्ही डोळ्यांची दृष्टी पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

उलट बाजूची चूक माणसाला खोटारडं ठरवते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आलेला माणूस म्हणतो, एका डोळ्याने उजेडही कळत नाही. पडदा ठीक आहे, आरएपीडी नाही. इथे शंका रास्त आहे, कारण एका डोळ्याचा उजेड खरोखर गेला आणि दुसरा चांगला असला तर आरएपीडी असतोच. पण दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही असं म्हणणाऱ्याला हाच नियम लावू नका. मेंदूच्या मागच्या भागात झटका आला तर दृष्टी पूर्ण जाते आणि बाहुल्या मात्र उजेडाला चोख दाद देतात, कारण बाहुलीचे तंतू त्याआधीच मध्यमेंदूकडे वळलेले असतात.

दृष्टी सुधारली म्हणून आरएपीडी खोडणे

नसेच्या सुजेनंतर पुष्कळांची दृष्टी ६/६ वर परत येते, पण आरएपीडी महिनोन्‌महिने, कधी कायमचा राहतो. ‘आता दिसतंय ना?’ म्हणून पुढच्या पानावर ‘बाहुल्या नॉर्मल’ लिहिलं, की दोन वर्षांनी दुसरा झटका येतो तेव्हा नवा डॉक्टर जुनाच आरएपीडी नवा समजतो.

नसेच्या या सुजेवर अमेरिकेत झालेल्या ऑप्टिक न्युरायटिस ट्रीटमेंट ट्रायलमध्ये ९२ टक्के रुग्णांचा डोळा दुखत होता, आणि चकतीवर सूज दिसली फक्त साधारण एकतृतीयांश जणांत. म्हणजे चकती बघून निदान करायचं ठरवलं तर तिघांतले दोघे सुटतात. याच ट्रायलने १९९२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: नुसत्या प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या तोंडी गोळ्या, वजनाच्या किलोमागे १ मिग्रॅ या प्रमाणात दिल्या, तर सूज पुन्हा उलटण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा आरएपीडी सापडला म्हणून हौसेने गोळ्या सुरू करून रुग्णाला पुढे पाठवू नका. आधी पाठवा.

शंका असेल तेव्हा

हलका आरएपीडी आहे की भास, हा प्रश्न अनुभवी माणसालाही पडतो. न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर, म्हणजे उजेड ठरावीक प्रमाणात कमी करणाऱ्या काचा असतील तर ०.३ ची काच आधी एका डोळ्यापुढे, मग दुसऱ्यापुढे धरून बॅटरी झुलवा. ही काच उजेड निम्मा करते. दोन्ही डोळे खरंच बरोबरीचे असतील, तर जिकडे काच तिकडे सारखाच हलका आरएपीडी उभा राहील. उजव्या नसेत खोट असेल, तर काच उजव्यापुढे आल्यावर फरक ठसठशीत होईल आणि डाव्यापुढे गेल्यावर मिटेल. जास्त गडद काचा लावत, काटा मधोमध येईपर्यंत चांगल्या पारड्यातलं वजन काढत गेलं, की आरएपीडी आकड्यात मोजता येतो. अमेरिकेतल्या आयोवाचे नेत्रतज्ज्ञ एच. स्टॅनली थॉम्पसन यांनी ही पद्धत रुळवली.

फिल्टर नसेल तर रुग्णालाच विचारा. चांगल्या डोळ्यावर उजेड टाकून, “हा सोळा आणे धरला, तर तो किती आणे?” जुनी माणसं पटकन सांगतात, “बारा आणे, डॉक्टर.” तरुणांना रुपया आणि पैसे लावा. बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्याला दाखवून लाली तेवढीच वाटते का, तेही विचारा. नस आजारी असेल तर त्या डोळ्याला लाल रंग विटका, विटेसारखा दिसतो.

घरी आरशात किंवा मोबाइलने व्हिडिओ काढून स्वतःची बाहुली तपासणाऱ्यांना एकच सांगणं. वर सांगितलेले सगळे पासंग घरच्या तपासणीत एकदम येतात, म्हणून त्यात काही सापडलं नाही याचा अर्थ काहीच होत नाही. एका डोळ्याची दृष्टी काही तासांत किंवा दिवसांत घसरली, किंवा डोळा फिरवताना दुखतंय, एवढं पुरेसं आहे. त्याच दिवशी दाखवा, आणि थेंब घालायला आलेल्या सिस्टरला आधी बाहुल्या बघायला सांगा.

पुढच्या रुग्णालयात पाठवताना चिठ्ठीवर ‘पर्ला’ लिहू नका. त्याऐवजी असं लिहा: ‘डावा डोळा, आरएपीडी ३+, उजेड येताच बाहुली लगेच सुटते. थेंबांआधी पाहिले, दुपारी १२:२०. दृष्टी उजवा ६/६, डावा ६/२४. आता दोन्ही डोळ्यांत ट्रोपिकामाइड घातले आहे, आज पुन्हा बाहुल्या बघता येणार नाहीत.’